कार्बन प्रत

मुहर्रकच्या बाजारात, मोत्यांच्या बंद पेढीला लागून
माझं टाइपरायटर होतं, एक स्टूल, एक किरकिरणारा पंखा.
केरबा इंगवले भर दुपारी आला.
डावा पाय ओढत,
जसं कुणी दुसऱ्याचं सामान नाइलाजानं आणावं.

"कॉलेजात कोचची जागा निघालीय.
मी सांगतो कोल्हापुरीत,
तुम्ही घाला साहेबाच्या भाषेत."

शिक्षण?
"सातवी. पुढचं मैदानात."
मी छापलं: सातवी.

अनुभव?
मग मात्र त्याला दम लागला नाही.
अनवाणी खेळलेली नऊ वर्षं,
तालमीच्या नावानं झालेल्या मारामाऱ्या,
बोटीत चढताना ट्रंकेत कपड्यांआधी ठेवलेला
हवा काढलेला बॉल.
इथं रिफायनरीच्या टीमनं पहिल्यांदा बूट दिले,
एक नंबर मोठे; पुढं कापूस कोंबला.
"वाळूवर चुना टिकतोय होय?
कच्चं तेल ओतून रेषा मारायचे.
पडलं की गुडघा काळा.
आठवडाभर काळा."

छप्पन साली, विमानतळावरच्या गोऱ्यांशी,
चाळिसाव्या मिनिटाला
तोच गुडघा गेला.
"आवाज आला बघा, वेल्डिंग सुटल्यागत."
त्यानंतर अकरा वर्षं पाइपच्या गोदामात.
त्यानं हे सांगितलं नाही, फोरमननं सांगितलं मागाहून:
केरबा पाइपसुद्धा अकरा-अकराच्या रांगेत लावतो,
आणि एक बाजूला काढून ठेवतो. राखीव.

जिंकलेले सामने: चौदा.
"आता हरलेले घाला."
म्हटलं, अर्जात असलं कुणी लिहीत नाही.
"एकवीस. घाला.
पोरं हरणारच की.
तवा काय बोलायचं, ते मला येतंय."
मी बोटं आपटून एकवीस छापलं,
रागानंच थोडं.

जागा मिळाली. कागदावर हुद्दा 'मदतनीस',
पगार गोदामापेक्षा दहा रुपये कमी.
एकदा पहाटे पाव आणायला गेलो तेव्हा दिसला,
कॉलेजामागच्या वाळूत, हातात तेलाचा डबा,
वाऱ्यानं रात्री पुसलेली रेषा पुन्हा मारताना.
पाय ओढत चालणाऱ्याची रेषा,
दर चार पावलांवर जरा डावीकडे झुकलेली.
पोरं तिलाच सरळ धरून खेळत.
पंच बाहेरचा आला की भांडण व्हायचं.

सात वर्षं होता. किती जिंकले, ठाऊक नाही.
मी विचारलं नाही कधी,
आणि तो बोलला असता तो आकडा दुसराच असता.

दुकान आवरताना फायलीत ही प्रत सापडली.
निळं सगळं विटलंय,
नाव नीट लागत नाही, सातवीचा सात गेलाय.
एकवीस तेवढं
कागदाला मागून बोट लावलं तर
अजून हाताला लागतं.