एम-चाळीस

साकीनाक्याच्या गाळ्यात, पत्र्याखाली
मी काँक्रीटचे ठोकळे फोडतो.
अर्धा फूट लांब, अर्धा रुंद, अर्धा उंच,
अठ्ठावीस दिवस हौदात बुडवलेले,
अंगावर मार्करने इमारत, मजला, खांब.
मी त्याला बाप्तिस्मा म्हणतो. मालक हसत नाही.

आज उपासकाळाचा सोळावा दिवस.
चहा सोडलाय, डोकं ठणकतंय.
भांडुपचा टॉवर, बाविसावा मजला:
चाळीस हवे होते.
एकतीसला काटा थांबला
आणि आतून आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा.

तो दारातच उभा होता.
मला वाटायचं, शिंगं नसली तरी
निदान अत्तराचा वास असेल त्याला.
हा तर कोवळा पोरगा, हर्षल पाटणकर,
बुटांवर सिमेंट, पहाटेपासून पोटात काही नाही.
म्हणाला, "शांतवनकाका, तिनाचा चार करायचा,
एकाचं शून्य. पेनाचे दोन फटकारे.
नाहीतर माझी नोकरी जाते."
पाकीट ठेवलं, अर्धं रजिस्टरखाली सरकवून.
सलोमीची वर्षाची फी होती त्यात.
मोजली नाही. जाडीवरून कळलं.

दगडाची भाकर कर,
एवढंच तर म्हणाला होता तो, रानात.
भूक काही खोटी नव्हती.
पाळकसाहेब हे सांगत नाहीत कधी,
की सैतानाचं मागणं किती थोडं होतं.

"एकदा वर या, काका.
बाविसाव्यावरून खाडी दिसते, मिठागरं,
पार ठाण्यापर्यंत सगळं आपलंच वाटतं.
पडत नाही हो काही. देव आहे ना!"

मी एकतीस लिहिलं.
शौर्य वगैरे नाही,
वीस वर्षं हात जे दिसेल ते लिहितोय.
पाकीट परत देताना बोटं रेंगाळली जराशी.
ते त्याने पाहिलं.
मीही पाहिलं.

मग डबा उघडला. अर्धी चपाती त्याला दिली.
उभ्यानेच खाल्ली त्याने, डोळे पुसत.

झाडू घेतला.
या धंद्यात पास होतात तेही फुटतातच.
शाबूत राहून परीक्षा दिलेला
एकही ठोकळा मी पाहिलेला नाही.
सगळे एकाच गोणीत भरतो,
कुठल्याशा खड्ड्याच्या भरावासाठी.

बाहेर बाईकला किक मारता मारता
तो ओरडला,
"तेविसाव्याचे घेऊन येतो, काका!
शुक्रवारी."