जागल्याचा रकाना

धुळं, गल्ली नंबर पाच, रात्रीचा दीड.
पडद्यावर गोल फिरतंय मघापासून.
अकराशे बत्तीस ओळी चढवतेय मी,
पांझरेवरच्या एका बंधाऱ्याखालची
चाळीस वर्षांची पाणीपाळी:
कुठल्या फडाला, कुठल्या दिवशी, किती वेळ.

वहीत लिहिलंय,
पोळ्याच्या करीला, दिवेलागणीपासून कोंबडा आरवेपर्यंत.
तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, तारीख चुकीची आहे.
चुकीची नाही हो.
पोळा कधी चुकला नाही त्या गावचा,
कोंबडा तर नाहीच नाही.
त्या रकान्यात मला 'साधारण' असं लिहू द्या,
आणि लिहिलं म्हणून
लाल अक्षरांत अंगावर येऊ नका.

ठिकाण विचारता
आणि नकाशावर एकच टाचणी टोचू देता.
फड काय टाचणीएवढा असतो?
औंदा या फडात ऊस, पुढल्या साली भुसार,
पाट वळेल तसे वळलेले बांध,
आणि सगळ्यांचं मिळून एकच पीक.
शेवटी टाचणी मी बंधाऱ्यावर टोचली.
लांबचा कुणी अभ्यासक फाइल उघडेल
तर त्याला आख्खं शिवार
नदीत बुडालेलं दिसेल.

आकड्यांचंही तेच.
तुमच्या यादीत एकाच्या मागे दहा येतो, मग अकरा,
आणि दोन बिचारा
शेपटाकडच्या वावरासारखा
पाणी कधी येईल म्हणून उभा.

गेल्या महिन्यात सापडलं,
चारशे सतराव्या ओळीत
नऊचा मी एक वाचलाय.
जुन्या शाईत दोघं भाऊभाऊ दिसतात.
एवढा आकडा दुरुस्त करायचा
तर म्हणे सगळा संच मागे घ्या,
नवा क्रमांक, नवा दुवा,
जुन्यावर टिचकी मारली की कोरं पान.
वहीत असं नव्हतं.
चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी नवा आकडा, आणि सही.
ती आडवी रेघ द्या मला.
बाकी रंगबिरंगी तक्ते नकोत,
तारे नकोत, अभिनंदनाची फुगेवाली खिडकी तर अजिबात नको.

परवा लॅपटॉप घेऊन गावी गेले.
सुपडूबाबा, वय त्यांनाही साधारणच ठाऊक,
या पाटाचे जागल्या.
ओळींवरून बोट फिरवलं त्यांनी, काच पुसल्यासारखं,
आणि विचारलं,
"मन्हं नाव कठे शे?"

लेखकाच्या रकान्याला चार चांदण्या आहेत तुमच्या.
नाव: सुपडू.
आडनाव: सोनवणे.
संस्था: मी लिहिलं, पाट.
ईमेल: नाही.
नाही चालत नाही.
माझा घातला, तर उत्तर आलं,
हा पत्ता दुसऱ्या व्यक्तीचा आहे.
मग 'इतर सहभाग' उघडलं.
निधी देणारे आहेत त्यात, संपादक आहेत,
छायाचित्रकारसुद्धा आहे.
राखण करणारा नाही.
आभारात टाकता आलं असतं,
पण आभारापर्यंत खाली कोण येतं?

बाबांना म्हटलं, थोडं थांबा, कळवलंय त्यांना.
ते हसले. म्हणाले, पाटात पाय सोडून
काठावरच झोपायचो मी.
"पानी उतरनं का माले जाग येस."
मग उठून वर चालत जायचं,
कुणी फोडलाय पाट ते बघायला.

असलं काही बसवता येईल का?
वीज गेली, जोडणी तुटली,
तर जिथवर आलं होतं तिथं जाग यावी.
आता येते ती पहिल्या ओळीला येते,
पुन्हा लॉगिन, पुन्हा एकपासून.

नऊशे चार. नऊशे पाच.
गल्लीत कुत्रं भुंकतंय.
कळवायचं एवढंच होतं.
गोल फिरतंय अजून,
मी खुर्चीतून पाय खाली सोडून बसलेय.