पाचवा

सिग्नल लागायला, पुस्तक म्हणतं,
बारा महिन्यांत पाच अपघात हवेत.
या चौकात चार झालेत.

नॉर्थ डकोटा, सप्टेंबर. शाळेच्या जिममध्ये
घडीच्या खुर्च्या मांडून गावसभा भरली आहे.
बास्केटबॉलच्या जाळीखाली कर्टिस हॉगडाल,
फार्गोहून आलेला वाहतूक सल्लागार,
स्लाइड बदलतो.

मागच्या रांगेतून आल्मा क्विस्ट उठते.
तिला उठायला वेळ लागतो, सगळे थांबतात.
"मग पाचवा कोण?" ती विचारते,
"तुम्ही ठरवणार, की नाव आम्ही द्यायचं?"
कुणी हसत नाही.
कोपऱ्यात कॉफीचं भांडं गुरगुरत राहतं.

रात्री त्याच्या टेबलावर दोन फायली.
गावाची पातळ. मोजणी जुलैतली:
शाळा बंद, कारखाना थंड,
दिवसाला नऊशे गाड्या,
बऱ्याचशा मागे बोट बांधून तळ्याकडे निघालेल्या.
साखर कारखान्याची जाड. गेला ऑक्टोबर,
बिटाची काढणी, चोवीस तास
ट्रकला लागून ट्रक, वळणावर बीट सांडत.
त्यांना नवं फाटक हवं होतं, म्हणून मोजलेले.
चौक तोच. दोन्हींवर सही त्याचीच.
या फायलीतला आकडा त्या फायलीत जात नाही,
तसा करार आहे,
आणि करारातलं ते कलम त्यानंच सुचवलेलं.

पण पुस्तकात, बऱ्याच मागच्या पानावर,
शाळकरी पोरांसाठी वेगळा नियम आहे.

ऑक्टोबरातला सोमवार. रजा टाकून
तो चौकात गाडी लावून बसतो,
कुणाच्याच बिलावर नाही.
ट्रक मोजत नाही. दोन ट्रकांमधली फट मोजतो.
चार सेकंद. सहा. तीन.
सात.
परत चार.
पुस्तकातला माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो,
अठ्ठेचाळीस फुटी रस्ता चौदा सेकंदांत पार.
त्याच्या पाठीवर दप्तर नसतं,
चिरडलेल्या बिटावर त्याचा बूट सरकत नाही.

आठाला पाच कमी. पिवळ्या टोपीतला एक पोरगा
कडेला येऊन उभा राहतो.
पलीकडून काठी टेकत आल्मा रस्त्यात उतरते,
हात वर करते.
ट्रक थांबतो, ब्रेक फुस्स करून हवा सोडतात.
एकोणीस सेकंद लागतात दोघांना.
कर्टिसचा अंगठा स्टॉपवॉचवर तसाच.
हात दाखवून मिळवलेली फट धरायची नसते.
तो लिहितो: ७.५५, पुरेशी फट, शून्य.

ती येऊन काचेवर काठी वाजवते.
"किती?"
"शून्य."
"हे चांगलं की वाईट?"
तो वहीकडे बघतो, मग तिच्या ओल्या बुटांकडे.
"चांगलं," म्हणतो,
आणि काच खालीच ठेवून
पुढची फट मोजायला घेतो.