टाचणी

ब्राइलाच्या जुन्या बाजारात दर रविवारी
मी टेबल मांडतो, भिंग आणि तराजू घेऊन.
बेचाळीस वर्षं घड्याळं उघडली,
आता पदकं उलटी करून बघतो.
दर्शनी बाजू काय, सगळ्यांचीच चकाकते.
खरं-खोटं टाचणीपाशी कळतं.

(एकदा सुरू झाला की थांबत नाही, असं बायको म्हणायची.)
पासष्टच्या आधीचं असेल तर मधलं अक्षर ‘पे’,
नंतरचं असेल तर ‘से’.
लोकांचं राज्य होतं ते समाजवादी झालं,
एका अक्षरापुरतं.
भट्टी तीच, कारागीर तेच,
पोटासाठी हातोडी मारणारे.

पोलाद ओतणाऱ्याला पदक, मका पिकवणाऱ्याला पदक.
सरहद्दीवरच्या कुत्र्यांसाठीही एक होतं म्हणतात,
ते मला अजून गवसलेलं नाही.
आणि बायकांना, मुलं मोजून:
पाचाला साधं, सातापासून ‘मातृगौरव’,
दहावं झालं की ‘वीरमाता’.
सहासष्टच्या शरदात फर्मानच निघालं होतं.
कूस ही सरकारी जमीन.
पडीक ठेवाल तर खबरदार.

अग्लाया आली ती जानेवारीत,
डॅन्यूबवरचा वारा कानशिलं सोलून काढत होता.
हातात सार्डिनचा डबा, डब्यात रुमाल, रुमालात ते.
मी भिंग लावलं. लाल मिना दोन जागी उडालेला,
टाचणी वाकडी.
‘वाकडी कशानं?’
‘पोरांच्या पायातले काटे काढायला तेवढीच बरी होती.
दहा जण अनवाणी. वीस पाय. मोजा की.’

मी किंमत सांगितली, तिनं दुप्पट सांगितली.
मी टाचणीचे कापले, तिनं काट्यांचे वाढवले.
घासाघिशीत ती नावं घ्यायला लागली:
कोस्ताके गलात्सच्या भट्टीत होता, छातीनं गेला.
स्मारांदा इटलीत, दुसऱ्याच कुणाच्या आईचे पाय धुते.
दोघं स्पेनला स्ट्रॉबेरी खुडतात, फोन करतात नाताळात.
मी टेबलाखाली बोटं मोजत होतो.
नऊच भरली.
विचारलं नाही.

‘दहावा सावेताचा,’ तीच म्हणाली, ‘माझ्या बहिणीचा.
दप्तरात माझ्या नावावर चढवला, म्हणून तर हे.’

सावेता सूतगिरणीत होती. दुसऱ्या खेपेला नको म्हणाली
आणि रात्री स्वयंपाकघरात, घासलेटच्या दिव्यापाशी,
कुणीतरी तिला मोकळं केलं.
दवाखान्यात नेली तेव्हा खाटेच्या एका बाजूला डॉक्टर,
दुसऱ्या बाजूला शिपाई.
आधी नाव सांग, मग रक्त थांबवू.
तिनं पहाटेपर्यंत नाव सांगितलं नाही.
पहाटेनंतर कुणी विचारलं नाही.

ते नाव अग्लायानंही घेतलं नाही.
रुमालाची घडी मात्र
चारदा मोडली, चारदा घातली.

मी पदक तराजूत ठेवलं.
ठेवावंच लागतं, नकली फार निघालीत.
‘किती भरलं?’
‘एकोणीस ग्रॅम.’
‘तो सव्वातीन किलोचा होता. आता ट्रक चालवतो.’
मग म्हणाली, ‘विजेचं बिल आलंय,’
आणि मी तिनं मागितले तेवढे दिले.

नोंदवहीत लिहिलं:
वीरमाता. ‘से’. मिना उडालेला. टाचणी वाकडी.
घड्याळजीला ती सरळ करणं म्हणजे दोन मिनिटांचं काम.
गिऱ्हाइकं सांगतात, कर, भाव चढेल.
दोनदा चिमटा हातात घेतला.

परवा फळीचं कुसळ अंगठ्यात रुतलं,
सुईनं निघेना, चिमट्यानं निघेना,
शेवटी ट्रे ओढला.
वाकडी होती म्हणून निघालं.