उपलब्ध आहे

भडगावच्या स्टँडमागं, झेरॉक्सच्या शेजारी
माझं दुकान, साडेसहा फूट रुंद.
सातबारा, आधार, पॅन, परीक्षेचे फॉर्म,
आणि गेल्या वर्षापासून काचेवर एक नवी ओळ :
‘वेबसाइटचं नाव काढून मिळेल.’
वाचून लोक हसतात. नाव आमच्याकडं
पोरानं काढावं, नाहीतर पोलिसांनी.

दुर्पदाबाई आल्या मे महिन्यातल्या दुपारी,
पदरावर ज्वारीच्या चिकाचे वाळलेले डाग.
एकशे दहा घरांचे बिबडे
दर उन्हाळ्यात त्यांच्या धाब्यावर वाळतात.
पुण्याच्या आंडेरनं फोनवर सांगितलं होतं,
आई, आता नाव घे.

बिबडे डॉट कॉम : गेलं.
खान्देशी बिबडे डॉट कॉम : तेही.
कोण्या गड्यानं नुसतं धरून ठेवलंय,
ना चूल, ना चीक. विकायचं म्हणतो, लाखात.
‘म्हंजे प्लाटनामायक,’ बाई म्हणाल्या.
होय. एनए झालेला, तारा ओढलेला,
कमरेइतकं गवत वाढलेला प्लॉट.

मग मी त्यांना ठिपक्यापलीकडची वस्ती दाखवली.
पूर्वी तिकडे चार-दोन घरं होती.
आता डॉट शॉप, डॉट फूड, डॉट ऑनलाइन,
डॉट निन्जासुद्धा.
रोज एक नवी कॉलनी, नळ नाही पण कमान उभी.
पहिलं वर्ष नव्व्याण्णव रुपये.
दुसऱ्या वर्षाचा आकडा खाली, मुंगीच्या अक्षरात.
तोही वाचून दाखवला.

वडील माझे पोस्टात होते. तीन पिंपऱ्या त्यांच्या बीटात :
बुद्रुक, खुर्द, आणि एक नुसती प्र. भ.
म्हणजे प्रगणे भडगाव.
प्रगणा कधीच बुडाला,
त्याचे दोन ठिपके सातबाऱ्यावर अजून आहेत.
एकदा एका पिंप्रीची मयताची तार दुसरीत पोचली
आणि तिथं एका बाईनं तीन तास
जिवंत माणसासाठी रडून घेतलं.
तेव्हापासून वडील म्हणायचे, गाव नंतर वाच,
आधी गावामागचं शेपूट बघ.

‘दुसरं सांगा,’ मी म्हणालो, ‘घरातल्या कुणाचंही.’
बाई गप्प. पंखा.
शेजारी झेरॉक्सचा हिरवा उजेड सरकून गेला.
मग माझ्या पावतीबुकावर त्यांनी
बोटानं, शाईशिवाय, काहीतरी काढलं.
लग्नात एकदा उखाण्यात घेतलेलं.
ते गेले तेव्हा दाखल्यासाठीसुद्धा दिरानं सांगितलेलं.

उखर्डू.

आधीची तीन पाळण्यातच गेली,
म्हणून चौथ्याला सासूनं उकिरड्यावर ठेवलं,
सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतलं,
आणि असं नाव दिलं की यमाला वाटावं,
हे काय न्यायचं.

इंग्रजीत यू एक की दोन, ह्यावर मी अडलो.
मग देवनागरीत टाकलं, शेवटी डॉट भारत.
जुन्या मॉनिटरवर रफार उडून शेजारी पडला,
तरी हिरवी खूण आली : उपलब्ध आहे.
इंग्रजीत, एका यूनं, दोन यूंनी,
डॉट कॉमला उपलब्ध, शॉपला, फूडला,
निन्जाला उपलब्ध.
एवढ्या मोठ्या जगात कुणालाच नको होतं.

‘अन् पुढला साल पैसा नई भरात ते?’
मग सुटतं, म्हणालो. कुणीही घेऊ शकतं.
बाई पहिल्यांदा हसल्या.
‘कोन लेई? यमनी बी बासष्ट सालं लिधं नई.’

जाताना बिबड्यांचं एक पुडकं ठेवून गेल्या.
मी फॉर्म भरत बसलो.
पत्ता : मु. पिंप्री, प्र. भ.
रकाना लाल झाला.
मशीन म्हणालं, इथं ठिपका चालत नाही.