शेवटचा हात

धनकवडीच्या चढावर, समोरच्या प्लॉटमध्ये
आज दुसऱ्या मजल्याचा स्लॅब.
सातलाच मिक्सर कण्हायला लागला
आणि जिन्यावर ओळ लागली माणसांची,
पायरीला एक.
घमेलं या हातातून त्या हातात.

मी गॅलरीत. बोटाला चिमटा.
ब्याण्णव.
चहा निवतोय.

बत्तीस वर्षं दहावीच्या वर्गाला सांगत आले,
प्राणवायू अन्न जाळतो, मुलांनो.
पिवळ्या खडूनं ज्योत काढायचे फळ्यावर.
सोपं होतं. मार्क मिळायचे.

जाळत नाही तो काही.
साखर तर त्याच्या आधीच फुटलेली असते.
तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावरून
इलेक्ट्रॉन उतरत असतात हातोहात
(तिथे उतरतात, इथे चढतंय;
दाखले पुरते जुळत नाहीत, हेही शिकवायचं राहिलं)
आणि तो फक्त शेवटच्या पायरीवर उभा,
रिकाम्या हातांनी,
येईल ते घ्यायला.

वर टोकाला इरण्णा आहे.
घेतो, ओततो, रिकामं घमेलं खाली भिरकावतो.
त्याच्याकडे कोणी बघत नाही.
मुकादम वाळूकडे बघतो, मालक मोबाइलकडे.

सव्वादहाला इरण्णा मटकन बसला.
डोळ्यात सिमेंट गेलं असावं.
चौदा माणसं, चौदा भरली घमेली,
पुढे द्यायला जागा नाही, खाली ठेवायला जागा नाही.
मधल्या त्या नव्या मुलीचे दंड लटपटायला लागले.
खाली मिक्सर उगाच फिरत राहिला.

तिसरा मजला चढताना
माझ्या पोटऱ्यांत साचतं ते हेच.
पेशी मग हातउसनं मागते,
दोन नाण्यांवर वेळ मारून नेते
आणि आंबत जाते आतल्या आत.

मी श्वास ओढून धरला होता.
कुणासाठी, कोण जाणे.

मग तळातून एक तांब्या निघाला.
भरल्या घमेल्यांच्या बाजूबाजूनं,
त्याच हातांतून वर.
त्यानं डोळे धुतले. उठला.
हात पुढे केले.

चौऱ्याण्णव.

घेणाऱ्याच्या हाती शेवटी उरतं काय,
ते मी समीकरणाच्या पार उजव्या टोकाला लिहायचे,
घंटेच्या घाईत, फळा संपत आलेला असताना.
पाणी.
निम्म्या वर्गानं तोवर वह्या मिटलेल्या असायच्या.

उद्या स्लॅबवर आळी बांधतील,
पाणी भरून ठेवतील काठोकाठ.
इरण्णा तेव्हा नऱ्ह्याला असेल,
दुसऱ्या कुठल्या तरी जिन्याच्या टोकाला.