उलटी काच

शुक्रवारचा बाजार करून ती थेट माझ्याकडे आली,
पिशवीत चोरिसांची माळ, वर काळ्या फडक्यात फोटो.
एर्मेलिंदा, हळदोण्याची. "तूं बंदुको वळखता न्ही?"
वळखतां, म्हटलं. एकतीस वर्षं
पणजीच्या शस्त्रागारात तेल-चिंध्यांत गेली, बाई.
माणसं विसरतो, बोल्ट विसरत नाही.

भिंग पुसलं.
तीन शिपाई, मागे पाणी, बहुतेक बेतीचा धक्का.
खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे,
कमरेला चामड्याच्या काडतूसपेट्या.
पोर्तुगीज फौज. म्हणजे एकसष्टच्या डिसेंबराअलीकडचा.
बंदूक? थ्री-नॉट-थ्री नव्हे, तिचं नाक चपटं,
पोटाखाली मॅगझिन लोंबतं.
हिचं पोट सपाट, नळी लाकडाबाहेर बोटभर डोकावते.
माउझर.
असल्या ढिगांनी आल्या होत्या आमच्याकडे,
काहींच्या दस्त्यांवर चाकूनं कोरलेली मुलींची नावं.
ती घासून काढणं, हे माझं नोकरीतलं पहिलं काम.

"मदलो आमचो इनास," ती म्हणाली.
तोंड उन्हानं खाल्लंय, तरी तोच.
बंदूक डाव्या हातात आहे ना? इनास डावरा.
शाळेत मेस्त पालमातोरीनं,
त्या भोकाभोकांच्या लाकडी पळीनं,
डावा तळवा सुजवायचा, आणि हा
सुजल्या हातानंच पुन्हा पेन्सिल धरायचा.
चाळीस वर्षं आल्तारावर हाच फोटो.
नोव्हेंबरात मेणबत्ती.

मी बोल्टची मूठ शोधत होतो.
ती माउझरला उजवीकडे असते.
कारखान्याला डावरे माहीत नसतात.
या बंदुकीची मूठ डावीकडे.
मग शर्ट पाहिले. तिघांच्याही बटणपट्ट्या
बायकांच्या ब्लाउजासारख्या उलट.
शिंपी चुकेल एखादा,
शिंपी आणि बंदूकवाला एकदमच कसे चुकतील?
छापणाऱ्यानं काच उलटी ठेवली होती.

गप्प बसता आलं असतं.
दाढीचा आरसा आणला, फोटो समोर धरला,
म्हटलं, आता बघ.

आरशात मूठ उजवीकडे आली.
पट्ट्या नीट मिटल्या.
मधल्याची बंदूक त्याच्या उजव्या हातात गेली.

ती बघत राहिली.
चोरिसाच्या वासावर मांजर आलं, मीच हाकललं.
मग तिचं बोट मधल्यावरून सरकलं
कडेच्या तिसऱ्याकडे: अर्धा चौकटीनं कापलेला,
तोंडाच्या जागी नुसता धुरकट फराटा,
शटर उघडं असताना हलला असणार.
हात मात्र स्वच्छ. बोटांत सिगारेट.
डावा.

"थीर रावपाक कळनासलें ताका," ती म्हणाली. "मिसाकूय."

फडक्याला गाठ मारून ती उठली, दारात थांबली.
"आनी हो? मदलो?"
माउझर, सदतीसचं मॉडेल, मी म्हणालो.
त्याच्याविषयी मला तेवढंच ठाऊक होतं.
"चाळीस वर्सां ताचे खातीर मागलां हांवें.
कोणाचो तरी आसतलोच."

आरसा उसना मागितला, दिला.
अजून परत आलेला नाही.
हल्ली मी स्टीलच्या ताटात बघून दाढी करतो,
आणि हनुवटीवर
थोडी तशीच राहते.